बॉम्बेएन्सिसचं मुंबईएन्सिस करू नका

गेल्या पावसाळ्यात एका छोट्या सभागृहात पश्चिम घाटातल्या बेडकांवर बोलायला गेलो होतो. पस्तीस-चाळीस माणसं, बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. पडद्यावर अंगठ्याच्या पेराएवढा एक तपकिरी बेडूक आणि खाली त्याचं नाव : राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस. प्रश्न विचारायची वेळ आली तसे तिसऱ्या रांगेतले एक काका उभे राहिले. "शहराचं नाव १९९५ ला बदललं. बेडकाच्या कपाळी अजून बॉम्बे कशाला? मुंबईएन्सिस करून टाका की." टाळ्या पडल्या. भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या पडल्या.

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आंतरराष्ट्रीय नियम असतात, तसं करता येत नाही वगैरे. 'नियमात बसत नाही' हे सरकारी खिडकीवरचं उत्तर झालं, त्यानं कुणाचं समाधान होत नाही, माझंही झालं नाही. म्हणून इथं सरळ सांगतो. नियमात बसत असतं तरीही हे नामांतर करू नये, असं माझं मत आहे. आणि नाव बदलण्यासाठी जो जोर आपण लावू, त्याच्या निम्मा जोर त्या नावामागच्या बरणीसाठी लावावा. बरणी कुठली, ते पुढं येईलच.

आधी 'बॉम्बे' म्हणजे काय ते पाहू, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांचा घोळ तिथूनच सुरू होतो. या बेडकाचा मुंबईशी काडीचाही संबंध नाही. नेल्सन अॅनंडेल या प्राणिशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये त्याचं वर्णन छापलं, मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांच्या जीवसृष्टीवरच्या एका लेखात. अॅनंडेल म्हणजे १९१६ ला स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक. बेडूक मिळाला होता कॅसलरॉकला. लोंढ्याहून दूधसागरकडं जाणाऱ्या रेल्वेवरचं हे घाटमाथ्यावरचं स्टेशन. गोव्यात पोर्तुगीज होते तोवर इंग्रजी हद्दीतलं शेवटचं, जकातीच्या तपासणीचं ठिकाण. ते येतं उत्तर कन्नड जिल्ह्यात. हा जिल्हा १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होता, मग मुंबई इलाख्यात आला, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला, आज कर्नाटकात आहे. म्हणजे अॅनंडेलच्या 'बॉम्बे'चा अर्थ इलाखा. तो इलाखाच आता नाही. मुंबईएन्सिस केलं तर जे नाव आज निदान इतिहास म्हणून खरं आहे ते साफ खोटं होईल, कारण मुंबई इलाख्याचं नाव कुणी बदललेलं नाही, तो फक्त संपला.

गंमत म्हणजे इंग्रजी याद्यांमध्ये याच बेडकाला 'महाराष्ट्र बुश फ्रॉग' असंही म्हटलेलं सापडतं. मूळ पत्ता कर्नाटकातला, शास्त्रीय नाव मुंबईचं, बोली नाव महाराष्ट्राचं. सीमाप्रश्नात पक्षकार काय कमी आहेत, की आता बेडकालाही उभं करायचं?

भाषण संपल्यावर चहाला तेच काका माझ्यापाशी आले. मूळचे आजऱ्याकडचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढं मी नावाचा सगळा प्रवास मांडला आणि मधेच त्यांनी मला थांबवलं. "म्हणजे गाव नमुना सहा. फेरफार." जमिनीवरचा हक्क बदलला की तलाठी ज्या वहीत तो बदल नोंदवतो, ती. इतक्या वर्षांत प्राणिनामशास्त्राची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

तर तो फेरफार असा. अॅनंडेलनं लिहिलं होतं 'इक्झालस बॉम्बेएन्सिस'. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा; घराणं आणि नाव म्हणा. यातला इक्झालस हा शब्द मुळातच वादग्रस्त जमिनीवरचा. द्युमेरिल आणि बिब्राँ या फ्रेंच जोडीनं १८४१ मध्ये तो बेडकांना दिला. पण त्याआधी चार वर्षं, १८३७ मध्ये, ऑगिल्बीनं तोच शब्द एका शिंगवाल्या चतुष्पादाला देऊन ठेवला होता. प्राण्यांच्या नावात एक वंशनाव एकदाच वापरता येतं, आणि जो आधी छापेल त्याचा हक्क पहिला. बेडूक हरला. खरं सांगायचं तर न्याय झाला, कारण 'इक्झालॉस' हे जुन्या ग्रीकमध्ये उड्या मारणाऱ्या रानबोकडाचं विशेषण. शिंगवाल्याची वस्तू शिंगवाल्याकडं गेली.

दुसरा शब्द होता 'ऑर्केस्टिस', म्हणजे नर्तक. त्शुडीनं १८३८ ला दिलेला. तो तर चाळीस वर्षं आधी, १७९८ मध्येच, उड्या मारणाऱ्या एका सोंडकिड्याच्या नावावर चढलेला होता. म्हणून १८४८ मध्ये गिस्टल नावाच्या जर्मन गृहस्थानं बदली शब्द दिला : फिलाउटस. शब्दाचा अर्थ, स्वतःवर प्रेम करणारा. पावसात झुडपावर बसून रात्रभर गळा फुगवणाऱ्या प्राण्याला हे नाव चपखल बसतं, पण गिस्टलनं एवढा विचार केला असेल असं मला वाटत नाही. जुन्या नावांना बदली नावं देण्याचा त्याचा सपाटाच होता. पुढं अनेक दशकं दक्षिण भारत, श्रीलंका ते आग्नेय आशियापर्यंतचे कितीतरी चिमुकले झुडपी बेडूक या फिलाउटसच्या एका छत्रीखाली उभे होते.

मग जनुकांची मोजणी आली आणि एकत्र कुटुंब फुटलं. आग्नेय आशियातल्या भाऊबंदांपाशी फिलाउटस राहिलं. श्रीलंकेकडच्यांना लॉरेंनं १९४३ ला दिलेलं आणि पडून राहिलेलं 'स्यूडोफिलाउटस' मिळालं. भारतातल्या, मुख्यतः पश्चिम घाटातल्या बेडकांसाठी २०१० मध्ये नवा वंश उघडला गेला : राओर्केस्टिस. 'राव' अधिक 'ऑर्केस्टिस'. हे राव कोण, तेही पुढं येईल. त्शुडीचा सोंडकिड्यानं पळवलेला नर्तक १७२ वर्षांनी रावांचा हात धरून परत आला. तो लेख लिहिणाऱ्या पाच जणांत एस. डी. बिजू होते, फ्रँकी बोसाइट होते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेचे योगेश शौचे होते.

अशा रीतीनं आजची नोंद अशी दिसते : राओर्केस्टिस बॉम्बेएन्सिस (अॅनंडेल, १९१९). कंस पाहून तलाठीकाकांचे डोळे चमकले. सातबाऱ्यावर एखाद्या नावाला कंस पडला की त्याचा हक्क गेला, ते नाव कमी झालं. "म्हणजे अॅनंडेलला कमी केलं?" इथं मात्र उलट आहे. इथला कंस सांगतो, की या माणसानं हा बेडूक नोंदवला तेव्हा घराणं वेगळं लिहिलं होतं, नंतर घराणं बदललं, पण मूळ नोंद त्याचीच. कंसातला माणूस कमी होत नाही, तो कायमचा जमिनीवर बसतो.

आणि हेच माझ्या म्हणण्याचं मूळ आहे. घराण्याचा शब्द नातं सांगतो. नात्याची समज बदलली की तो बदलतो, बदललाच पाहिजे. 'हे शास्त्रज्ञ सारखी नावं बदलतात, यांचं काही खरं नाही' अशी कुरकुर करणाऱ्यांना म्हणून मी हात जोडतो; मोजणी नव्यानं झाल्यावर नकाशा जुनाच ठेवणाऱ्या भूमापकाला तुम्ही ठेवाल का? पण दुसरा शब्द, बॉम्बेएन्सिस, काहीच सांगत नाही. तो दाखवतो. १९१९ पासून जगात कुठंही, कुठल्याही भाषेत, या बेडकाबद्दल जे काही लिहिलं गेलं त्या सगळ्या कागदांना ओवणारा तो दोरा आहे. दोऱ्याचा रंग आवडत नाही म्हणून तो कापायचा नसतो. कुणी हौसेनं मुंबईएन्सिस छापलंच, तर नियमानुसार ते जन्मतःच जुन्या नावाखाली गाडलं जाईल, आणि यादीत एक फालतू ओळ तेवढी वाढेल.

आपल्यालाही हे कळतंच. मुंबईत अजून बॉम्बे हायकोर्ट आहे, पवईत आयआयटी बॉम्बे आहे, आणि १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तेच नाव लावते. जुने निकाल, जुन्या पदव्या, जुनी नियतकालिकं त्या नावाला बांधलेली आहेत. बेडकाचंही तेवढंच आहे.

आता बरणी.

नाव बांधलेलं असतं ते प्राण्याच्या वर्णनाला नाही, चित्रालाही नाही, तर एका मेलेल्या प्राण्याला. ज्याच्यावरून पहिलं वर्णन लिहिलं तो नमुना. त्याला मूळ नमुना म्हणू. तो अल्कोहोलमध्ये घालून, पायाला चिठ्ठी बांधून, संग्रहालयात ठेवलेला असतो. उद्या वाद झाला की खरा बॉम्बेएन्सिस कुठला, तर पुस्तकं उघडून भागत नाही, बरणी उघडावी लागते. अॅनंडेलच्या संस्थेचा संग्रह कोलकात्याला आहे. या व्यवहारात ती बरणी म्हणजे शेताच्या हद्दीवरचा दगड. कागद कितीही असोत, दगड हलला की भांडण सुरू.

आणि आपले दगड हलतात. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण राओर्केस्टिस या नावातच दडलंय. सी. आर. नारायण राव (१८८२–१९६०) हे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दक्षिण भारतातल्या बेडकांवर काम करणारे ते पहिल्या फळीतले भारतीय. 'करंट सायन्स' हे नियतकालिक १९३२ मध्ये सुरू झालं, त्याचे ते पहिले संपादक. त्यांच्या नावाचा वंश २०१० ला जाहीर झाला तोही त्याच 'करंट सायन्स'मध्ये. इथवर सगळं गोड आहे. पण १९३७ मध्ये रावांनी ज्या अनेक बेडकांची नवी वर्णनं छापली, त्यांचे मूळ नमुने त्यांच्या कॉलेजात ठेवलेले होते आणि ते हरवले. वर्णनं छापील आहेत, नावं वैध आहेत, दगड नाहीत. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना रावांचा अमुक बेडूक म्हणजे आज जंगलात ओरडणारा नेमका कुठला, हे ठरवायला वर्षं घालवावी लागली. काहींसाठी त्याच परिसरात जाऊन नवा नमुना गोळा करून त्याला मूळच्या जागी बसवावं लागलं. आपण रावांना एक अख्खा वंश अर्पण केला. त्यांच्या बरण्या मात्र सांभाळल्या नाहीत.

त्या कॉलेजाला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मी शिकलो त्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचं कपाट मला चांगलं आठवतं. वरच्या फळीवर एक बरणी होती, आतलं द्रव उडून बुडाशी दोन बोटं उरलेलं, त्यात अर्धा बुडालेला, कातडं आक्रसून तपकिरी झालेला बेडूक. वरचा अर्धा भाग सुकडीसारखा वाळलेला. चिठ्ठीवरची शाई ओघळून फक्त गावाच्या नावाचा शेवटचा 'डी' आणि तारखेतला एक शून्य उरला होता. कुणीतरी कुठल्या तरी पावसाळ्यात तो पकडला होता, नीट मोजून, लिहून, बांधून ठेवला होता. 'डी' म्हणजे वाडी की पेडी की आणखी कुठली डी, कोण सांगणार? विभागाची रंगरंगोटी निघाली तेव्हा कपाट रिकामं केलं गेलं. आम्ही पोरांनीच बरण्या खाली नेल्या. तेव्हा मला काही वाटलंही नव्हतं.

नमुना आणि आवाज नीट तपासले की काय होतं, त्याची गोष्ट आपल्या दाराशीच आहे. उत्तर घाटात, म्हणजे सातारा-पुण्याकडच्या डोंगरांत, पावसाळ्यात टिकटिकणाऱ्या झुडपी बेडकाला वर्षानुवर्षं बॉम्बेएन्सिसच म्हटलं जाई. नाव तयार होतं, कॅसलरॉक काही फार लांब नाही, बेडूक दिसायला साधारण सारखा. मग आनंद पाध्ये, अमित सय्यद, अभिजित जाधव आणि नीलेश डहाणूकर यांनी त्यांची मापं घेतली, हाडं पाहिली, हाक ध्वनिमुद्रित केली, अंड्यातून पिल्लू कसं निघतं ते पाहिलं आणि जनुकं तपासली. २०१३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हा बेडूक निराळा आहे. नाव दिलं राओर्केस्टिस घाटेई, पुण्याच्या मॉडर्न कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या सन्मानार्थ. पुण्याच्या माणसाला यात एक जास्तीची गंमत दिसते : घाटातला बेडूक आणि आडनाव घाटे.

गंमत बाजूला ठेवू, कारण या पोटहिश्श्याचा परिणाम गंभीर आहे. सगळे बॉम्बेएन्सिस होते तेव्हा कागदावर हा एक लांबवर पसरलेला, म्हणून निवांत असलेला बेडूक होता. वेगळे झाल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला आलेला डोंगर तुकड्याएवढा. धोक्यात कोण, हे ठरवणाऱ्या याद्या नावावरून चालतात. नाव चुकलं तर एखादा बेडूक संपत आलाय हेच दिसत नाही, कारण शेजारचा त्याच्या नावावर जगत असतो. इक्झालस ल्युकोऱ्हायनस या १८५६ मधल्या नावाचं हेच झालं. भारतातले कितीतरी झुडपी बेडूक त्या नावानं नोंदवले गेले, आणि खरा मालक निघाला श्रीलंकेचा, आज नामशेष मानला गेलेला. राओर्केस्टिसमध्ये आता सत्तरच्या पुढं जाती आहेत. २०१४ मध्ये एकाच लेखात नऊ नव्या जातींची वर्णनं आली. 'पैदास वाढली का शास्त्रज्ञांची हौस?' असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, मोजणी उशिरा सुरू झाली.

आंबोलीचा बेडूक याहून मजेदार. जुलैमधली रात्र, धुकं इतकं की टॉर्चचा उजेड दोन हातांवर भिंत होऊन उभा राहतो. कारवीच्या पानाच्या कडेला एक नर बसलेला. शरीर दोन-तीन सेंटिमीटर, आणि गळ्याखालची पिशवी फुगली की बेडकाहून पिशवीच मोठी वाटावी. पारदर्शक, थेंबासारखी, आतून उजेड आल्यासारखी. हाकेची एक माळ संपली की पिशवी अर्धी बसते, बेडूक पाय अर्धा इंच सरकवतो, आणि पुन्हा. दोन फुटांवर बसूनही आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. या बेडकांतल्या बहुतेकांना तळं-डबकं लागत नाही. अंडी ओल्या मातीत, पाचोळ्यात, बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच संपते आणि बाहेर येतो तो तांदळाच्या दाण्याएवढा पुरा बेडूक. इथल्या एका झुडपी बेडकाला बिजू आणि बोसाइट यांनी २००९ मध्ये 'फिलाउटस अंबोली' असं नाव दिलं. गावाचं नाव जसंच्या तसं, लॅटिन शेपटीही न लावता. घराणी फुटली तेव्हा तो राओर्केस्टिसमध्ये न जाता स्यूडोफिलाउटसमध्ये गेला. म्हणजे आंबोलीच्या धुक्यात ओरडणाऱ्या या पठ्ठ्याचे बहुतेक सगे श्रीलंकेत आहेत. ही सोयरीक आपल्याला नावातल्या पहिल्या शब्दानं कळवली. हा शब्द बदलला नसता, तर आपण अजून त्याला शेजाऱ्याचाच भाऊ समजत राहिलो असतो.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. नावं ही निव्वळ दोरे नसतात, त्यांत मान-अपमानही असतो. स्लोव्हेनियातल्या गुहेत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याच्या नावात १९३७ पासून हिटलर बसला आहे. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांना शिवी म्हणून वापरला गेलेला शब्द दोनशेहून अधिक वनस्पतींच्या नावांत होता. २०२४ च्या जुलैत माद्रिदच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत तो बदलायचं मतदानानं ठरलं. प्राण्यांच्या नावांचा आंतरराष्ट्रीय आयोग मात्र २०२३ मध्ये म्हणाला, नैतिक कारणांवरून नावं रद्द करणं हे आमचं काम नाही, स्थैर्य महत्त्वाचं. मला माद्रिदचा निर्णय पटतो. जो शब्द उच्चारताना समोरच्या माणसाला जखम होते तो शास्त्राच्या सोयीसाठी त्याच्या गळ्यात ठेवू नये. पण 'बॉम्बे' ही शिवी नाही. तो जुना पत्ता आहे. परकीयांनी दिलेलं एवढ्यावरून जुना पत्ता अपमान ठरत नाही. तसा ठरवला तर पश्चिम घाटातली निम्मी नावं पुसावी लागतील आणि पुसून हाती काय येईल?

दुसरं टोक म्हणजे माणसांची नावं देऊच नयेत असं म्हणणाऱ्यांचं. २०२३ मध्ये याचा जोरदार पुरस्कार झाला. मला ते कोरडं वाटतं. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये 'आयसियस तुकारामी' असं नाव मिळालं, तुकाराम ओंबळे यांचं. त्यात मला काही खटकत नाही. केरळातल्या एका बेडकाचा वंश तर 'मर्क्युराना' आहे, गायक फ्रेडी मर्क्युरीवरून, ज्याचं शाळकरी वय पाचगणीत गेलं. असल्या नावांनी जगाचं नुकसान होत नाही. नुकसान कशानं होतं, तर बारसं थाटात करून बाळ विसरण्यानं. वर्तमानपत्रात फोटो येतो, मंत्र्यांचं अभिनंदनाचं ट्वीट येतं, आणि त्याच वर्षी त्या विभागातली वर्गीकरण शिकवणारी जागा भरली जात नाही.

या कामाची किंमत कशी केली जाते त्याचा एक मासला सांगतो. 'झूटॅक्सा' हे प्राण्यांच्या नव्या जाती जाहीर करणाऱ्या नियतकालिकांतलं जगातलं एक प्रमुख नियतकालिक. वर उल्लेखलेल्या नऊ जाती त्यातच छापल्या. २०२० मध्ये नियतकालिकांचा 'प्रभाव' मोजणाऱ्या कंपनीनं त्याला यादीतून काढलं. कारण काय, तर ते स्वतःच्याच जुन्या लेखांचे दाखले फार देतं. अहो, जाती तिथंच छापल्यात तर दाखले आणखी कुठले देणार? जगभर ओरड झाली आणि निर्णय फिरवावा लागला. पण आपल्याकडं ज्या प्राध्यापकाची बढती अशा आकड्यांवर ठरते, त्यानं दहा पावसाळे चिखलात घालवून चार बेडूक वेगळे करावेत अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

कायदा कागदावर चांगला आहे. जैविक विविधता कायदा २००२, कलम ३९ : नवी जाती सापडली तर ती नेमून दिलेल्या संग्रहालयाला कळवायची आणि पुरावा नमुना तिथं जमा करायचा. म्हणजे बरणी घरात, विभागाच्या कपाटात ठेवायची नाही, हे कायद्यानंच सांगितलंय. पण बरण्या येत राहणार तर त्या ठेवणारी माणसं, त्यातलं अल्कोहोल दर वर्षी पाहणारी माणसं, चिठ्ठी टिकाऊ कागदावर लिहिणारी माणसं, आग लागली तर चालणारे फवारे, हे कुठल्या कलमात येतं? २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय एका रात्रीत जळालं. दोन दिवस हळहळ झाली. राजधानीतलं राष्ट्रीय म्हणवणारं संग्रहालय भाड्याच्या इमारतीत होतं, याची लाज मात्र फारशी कुणाला वाटलेली दिसली नाही.

नाव नीट लागलं, नमुना नीट ठेवला, तर काय होऊ शकतं हेही आंबोलीनंच दाखवलंय. हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडातल्या एका छोट्या माशाचं २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावानं वर्णन झालं, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा आधीही होता, कुंड आधीही होतं. सरकारच्या दफ्तरात शिरायला मात्र त्याला दोन शब्दांची नोंद लागली. कॅसलरॉकलाही असं काही व्हायला हवं होतं. तिथून गोव्यातल्या कुळ्याकडं उतरणारा रेल्वेमार्ग दुहेरी करायचा प्रकल्प आला; मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली. त्या वादात वाघ होता, जंगल होतं, दूधसागर होता. कॅसलरॉक हे बॉम्बेएन्सिसचं मूळ गाव आहे आणि त्या डोंगरातले बेडूक गेले तर जुन्या नमुन्याशी ताडून पाहायला जिवंत बेडूक उरणार नाही, हे म्हणणारा आवाज मला तरी ऐकू आला नाही.

राहता राहिली मराठी. माझं म्हणणं, नामांतराची सगळी हौस इथं फेडून घ्या. बोली नावांना कुठलाही आंतरराष्ट्रीय नियम नाही, कुणाच्या परवानगीची गरज नाही. ब्लू मॉरमॉन २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालं तेव्हा 'राणी पाकोळी' हे नाव घरोघरी पोचलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बेडकांच्या बाबतीत आपण अजून 'बुश फ्रॉग'चं शब्दशः 'झुडपी बेडूक' करून थांबलो आहोत. मीही हा सगळा लेख त्याच शब्दावर रेटला. त्यांच्या आवाजावरून, बसण्याच्या जागेवरून, पहिल्या पावसाशी असलेल्या त्यांच्या नात्यावरून ठेवलेली नावं गावागावांत असतील. पण ती विचारायला कुणी वही घेऊन गेलेलं नाही. आम्ही अभ्यासाला जातो तेव्हा वाट दाखवणाऱ्याला टॉर्च धरायला सांगतो, नाव विचारत नाही. बेडकाचंही नाही आणि पुष्कळदा त्याचंही नाही. परकीयांनी आपल्या बेडकांना नावं दिली म्हणून चिडण्याआधी हे आठवायला हवं.

त्या दिवशी चहा गार झाला होता. काकांना मी फोनवर बॉम्बेएन्सिसची हाक ऐकवली. त्यांनी फोन कानाला लावला, डोळे बारीक केले, पुन्हा लावायला सांगितलं.

"हा बेडूक?" ते म्हणाले. "हा तर आमच्या गोठ्यामागं वाजतो की. आम्ही जन्मभर किडा समजलो."

मी म्हटलं, हाच की याचा एखादा शेजारी, ते तिथं जाऊन ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली, माझा नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, "जूनमध्ये या. गट नंबर सांगतो, हद्द मी दाखवतो."